उजवं पान बाईंचं, डावं पान मुलांचं

वर्गातले प्रश्न : या वेळचा विषय – इंटरॅक्टिव्ह वही

समोरासमोरची दोन पानं. उजव्या पानावर वर्गात शिकवलेलं आणि डाव्या पानावर त्याचं मुलानं स्वतः काहीतरी केलेलं. एवढ्याशा मांडणीला प्रशिक्षणात ‘इंटरॅक्टिव्ह नोटबुक’ म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतल्या मराठी शाळांमधून या वहीबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काहींना इथे उत्तरं दिली आहेत. एकाच अर्थाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : सहावीला विज्ञान आणि समाजविज्ञान शिकवते. वर्गात 40 मुलं आहेत. कुठली वही आणायला सांगू आणि पहिल्या दिवशी काय करून घेऊ? प्रशिक्षणात फोटो पाहिले, पण कोरी वही हातात घेतल्यावर सुरुवात कुठून करायची ते कळेना.
– शिक्षिका, निपाणी

उत्तर : 24 बाय 18 सेंटिमीटरची, एकरेघी, 200 पानी, शिवलेली वही घ्या. स्पायरलची नको. डाव्या पानावर लिहिताना तार हाताखाली येते आणि दप्तरात पानं सुटतात. लाँगबुक चालेल, पण वर दिलेल्या आकाराची एक सोय आहे. ए-फोर कागद मधोमध कापला की 21 बाय 14.8 सेंमीचा तुकडा मिळतो आणि तो या पानावर चारही बाजूंना साधारण दीड सेंमी जागा सोडून बसतो. एका कागदात दोन मुलांचं भागतं, म्हणजे 40 मुलांना 20 कागद. पाव कागदावर भागत असेल तर दहाच. प्रत्येक विषयाला वेगळी वही हवी. दोन विषय एकत्र केले की अनुक्रमणिका पंधरा दिवसांत निरुपयोगी होते.

पहिला अख्खा तास वही मांडण्यात गेला तरी तो वाया जात नाही. आधी पानांना क्रमांक. कव्हर उघडल्यावर उजवीकडे येणारं पहिलं पान 1. मग सगळी उजवी पानं विषम आणि डावी सम होतात, हे मुलांच्या लगेच लक्षात राहतं. हमखास होणारी चूक म्हणजे क्रमांक घालताना दोन पानं एकदम उलटणं. त्यानंतर त्या मुलाची डावी-उजवी बाजू बदलते आणि तुम्ही ‘पान 34 काढा’ म्हटलं की ते गोंधळतं. म्हणून दर वीस पानांनी थांबा आणि ‘वीस डावीकडे आलं का?’ असं विचारून पुढे जा.

पान 1 वर नाव, इयत्ता, विषय. 2 ते 5 अनुक्रमणिका, तिचे तीन रकाने : तारीख, घटक, पान क्रमांक. 6 आणि 7 वर वहीचे नियम आणि गुण कसे देणार तो तक्ता. पहिला घटक 8-9 या जोडीवर सुरू करा. शेवटची दहा पानं, 191 ते 200, शब्दसंग्रहासाठी राखून ठेवा. मध्ये 91 जोड्या उरतात. आठवड्याला दोन जोड्या धरल्या तर वर्ष निघतं.

उजव्या पानावर बारा ते पंधरा ओळींपेक्षा जास्त मजकूर नको. शीर्षक, तीन ते पाच मुद्दे, एक आकृती. बाहेरच्या कडेला चार सेंमीचा समास सोडा. तिथे मूल त्या मुद्द्यावर प्रश्न लिहितं आणि परीक्षेच्या आधी मजकूर झाकून फक्त तेवढे प्रश्न वाचून स्वतःची तपासणी करतं. फळ्यावरून दीड पान उतरवून घेण्याची सवय असेल तर हे फार कमी वाटेल. तरी थोडंच द्या. बाकीचं पाठ्यपुस्तकात आहेच.

प्रश्न : मुलं डाव्या पानावर उजवंच पान उतरवतात. अक्षर सुंदर, रंग सुंदर, पण चाचणी घेतली की काही आठवत नाही. कुठे चुकतं?
– शिक्षक, बेळगाव शहर

उत्तर : दोन ठिकाणी. डावं पान लिहिताना उजवं पान मुलांसमोर उघडं असतं, आणि दिलेलं काम उतरवून भागण्यासारखं असतं.

या वहीचा सगळा जीव डाव्या पानात आहे, आणि तेही न बघता केलेल्या. 2006 मध्ये अमेरिकेतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, तर काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघून गेले. आपल्या वर्गातही हेच होतं. धडा संपल्या संपल्या सगळ्यांना सगळं येतं, आणि आपण फसतो.

म्हणून डावं पान शक्यतो दुसऱ्या दिवशी, तास सुरू होताच पहिल्या सात-आठ मिनिटांत करून घ्या. उजवं पान जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्यानं झाकायचं. आठवेल तेवढं लिहायचं किंवा काढायचं. मग तुकडा बाजूला करून ताडून बघायचं आणि चुकलेलं, राहिलेलं हिरव्या शाईनं घालायचं. निळं ते आठवलेलं, हिरवं ते निसटलेलं. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलानं फक्त हिरवं वाचलं तरी त्याचा वेळ योग्य ठिकाणी जातो. खोडरबर या आठ मिनिटांत दप्तरातच राहू दे, नाहीतर निळी चूक पुसून तिथे बरोबर उत्तर येतं आणि काय निसटलं होतं तेच कळेनासं होतं.

आता काम कसलं द्यायचं ते. ‘मलप्रभा नदीची माहिती लिहा’ म्हटलं की मूल उतरवणारच. माहितीचं रूप बदलायला सांगा. समजा उजव्या पानावर एवढंच आहे : मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ इथे तिच्यावर धरण आहे, बागलकोट जिल्ह्यात कूडलसंगमला ती कृष्णेला मिळते. म्हादईसुद्धा खानापूर तालुक्यातूनच निघते, पण गोव्यातून अरबी समुद्राला जाते. डाव्या पानावरचं काम : ‘दोन्ही नद्यांची वाट आठवणीतून काढा आणि एकाच तालुक्यातल्या दोन नद्या दोन वेगळ्या समुद्रांना का जातात, ते दोन ओळींत लिहा.’ हे उतरवता येत नाही. नकाशे बघताना तुम्हाला दिसेल की बरीच मुलं मलप्रभेला पश्चिमेकडे वळवतात. कणकुंबीपासून गोवा जवळ आहे, मग नदीही तिकडेच जाणार, असा त्यांचा हिशोब असतो. जलविभाजक (पाणी दोन बाजूंना वाटून देणारी डोंगराची उंच रांग) म्हणजे काय हे त्यांना कळलेलं नाही, हे तुम्हाला त्या एका नकाशावरून आठ मिनिटांत समजतं. प्रश्नोत्तरं लिहून घेतली असती तर ते सहामाहीपर्यंत कळलं नसतं.

अशी आणखी काही कामं सांगून ठेवतो : आकृतीला नावं देणं, दोन गोष्टींतला फरक तक्त्यात मांडणं, घटना काळाच्या रेषेवर बसवणं, लहान भावाला समजेल असं तीन वाक्यांत सांगणं, ‘हे नसतं तर काय झालं असतं’ याचं उत्तर, किंवा धड्यावर परीक्षेत येईल असा एक प्रश्न स्वतः तयार करणं. शेवटचं काम मुलांना सगळ्यात जड जातं. ते महिन्यातून एकदाच द्या, पण टाळू नका.

प्रश्न : चाळीस मिनिटांच्या तासात पंचवीस मिनिटं कात्री आणि गोंदात जातात. हेडमास्तर म्हणतात, हा चित्रकलेचा तास आहे काय?
– शिक्षिका, चिकोडी तालुका

उत्तर : हेडमास्तरांचं म्हणणं बरोबर आहे. कापणं-चिकटवणं आठवड्यातून एकदा, तेही सात मिनिटांच्या आत. बाकीचे दिवस पेन, पेन्सिल आणि पट्टी. इंटरनेटवर दिसणाऱ्या झालरी लावलेल्या वह्या बघून मोहात पडू नका. त्यातल्या पुष्कळ घड्यांचं काम आखलेल्या चार चौकोनांनी भागतं.

घडी खरोखर उपयोगी पडते ती एकाच कारणासाठी : उत्तर झाकता येतं. ‘चार दारांची घडी’ शिकवून ठेवा, वर्षभर पुरेल. अर्धा ए-फोर कागद उभा धरून लांबीत मधोमध दुमडा, म्हणजे 21 बाय 7.4 सेंमीची पट्टी होईल. दुमड डावीकडे ठेवा. मोकळ्या कडेवर दर सव्वापाच सेंमीला खूण करा, अशा तीन खुणा येतील. फक्त वरचा थर खुणेपासून दुमडीपर्यंत आडवा कापा. चार दारं तयार होतील. दारावर प्रश्न किंवा शब्द, आत उत्तर.

निम्मी मुलं दोन्ही थर कापतात, आणि दुमडीवरून कापणारेही असतात. त्यावर उपाय एकच, कात्री हातात घेण्याआधी खालच्या थराच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं फुली मारून घ्यायची. फुलीवाला थर कापायचा नाही, त्यालाच गोंद लावायचा. जोडीतल्या एकानं धरायचं, दुसऱ्यानं कापायचं. कात्र्या बोथट टोकाच्या, दोन मुलांत एक, म्हणजे वीस. त्या एका डब्यात क्रमांक घालून ठेवा आणि परत घेताना मोजा.

गोंद पसरायचा नाही. तुरीच्या दाण्याएवढे पाच ठिपके द्यायचे, चार कोपऱ्यांत आणि एक मध्ये, कडेपासून एक सेंमी आत. कडेला लावला की दाबल्यावर बाहेर येतो आणि समोरचं पान चिकटतं. चिकटवलेलं दर वेळी एकाच जागी नको. एकदा वर, एकदा मध्ये, एकदा खाली, म्हणजे वही एका बाजूनं फुगत नाही. तरीही फुगली तर एखादं कोरं पान काढावं लागेल. ते फाडू नका, शिलाईपासून दोन सेंमीची पट्टी ठेवून कापा. शिवलेल्या वहीत एक पान ओढलं की त्याचं जोडीदार पान सुटतं.

प्रश्न : आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस हटत नाही. चिकटवलेलं वाळत नाही, पानं वाकडी होतात, घरी केलेली खळ लावली तर बुरशी येते. काय करावं?
– शिक्षक, खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग

उत्तर : पावसाळ्यात चिकटवूच नका. हा सल्ला पळवाट काढल्यासारखा वाटेल, पण तुमच्याकडे तोच खरा आहे. फेविकॉलसारखा पांढरा गोंद त्यातलं पाणी उडून गेल्यावर धरतो. हवा आधीच ओली असेल तर ते पाणी कागदात मुरतं, कागदाची एक बाजू फुगते आणि पान वाकतं. मैद्याच्या खळीवर बुरशी येते, मागाहून कसरही लागते. पूर्वी खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, मुलांच्या हातात मुळीच देऊ नका. स्टेपलरची पिनही दमट हवेत गंजते आणि पानावर तांबडा डाग सोडते.

मग घडीच्या जागी रेघ वापरा. पानाचा उजवीकडचा एक तृतीयांश भाग उभी रेघ मारून वेगळा करायचा. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर, आणि उत्तर झाकायला पुठ्ठ्याची एक पट्टी. काम तेच होतं. चिकटवणं अगदीच टाळता येत नसेल तर ग्लू स्टिक घ्या. तिच्यात पाणी कमी असतं, चार मुलांत एक पुरते. लिहायला बॉलपेन बरं, जेलची शाई ओलसर कागदावर पसरते. वह्या शाळेतच ठेवत असाल तर भिंतीला टेकवू नका. फळीवर उभ्या ठेवा आणि भिंतीपासून वीतभर अंतर राखा. दसऱ्याच्या सुट्टीआधी एक दिवस त्या उन्हात उघड्या ठेवल्या की पुढे चिकटवायला मोकळ्या.

प्रश्न : गणिताला ही वही जमते का? सूत्रं उजवीकडे लिहिली, डावीकडे उदाहरणं सोडवली, तर नेहमीच्या वहीत आणि हिच्यात फरक काय राहिला?
– शिक्षक, हुक्केरी तालुका

उत्तर : तसं केलं तर काहीच फरक राहत नाही. गणितात डाव्या पानाची दोनच कामं ठेवा : आकृतीनं पटवणं आणि चूक शोधणं.

अपूर्णांक घ्या. प्रत्येक मुलाला 12 बाय 2 सेंमीच्या पाच पट्ट्या द्या. बाराच सेंमी का, तर अर्धा 6, तिसरा भाग 4, चौथा 3, सहावा 2, आठवा दीड. सगळं पट्टीवर नेमकं येतं, अंदाजानं दुमडावं लागत नाही. ए-फोर आडवा धरला तर एका कागदात अशा 20 पट्ट्या बसतात, म्हणजे चार मुलांचं भागतं आणि 40 मुलांना दहा कागद. पट्ट्या तुम्ही किंवा वरच्या वर्गातल्या मुलांनी आदल्या दिवशी कापून ठेवायच्या. मुलांनी आपापल्या कापल्या तर एकाची पावणेबारा, दुसऱ्याची सव्वाबारा होते, मग 1/2 आणि 2/4 जुळत नाहीत आणि मूल ‘दोन्ही वेगळे’ असं शिकून बसतं.

आता उजव्या पानावर एक चुकीचं सोडवलेलं उदाहरण द्या : 1/2 + 1/3 = 2/5. डाव्या पानावर मुलानं ते पट्ट्यांनी तपासायचं. 12 सेंमीची अर्धी पट्टी 6 सेंमी. 2/5 म्हणजे 4.8 सेंमी. बेरीज केल्यावर उत्तर पहिल्या संख्येपेक्षाही लहान आलं! हे डोळ्यांनी दिसलं की अंश-अंश आणि छेद-छेद मिळवायची खोड बरीच सुटते. दहा वेळा ‘छेद समान करा’ सांगून ती सुटत नाही. मग तीन रकाने : कुठे चुकलं, का चुकलं, बरोबर काय. ‘का’चा रकाना मुलं रिकामा सोडतात किंवा ‘घाईत चुकलं’ असं लिहितात. ते मान्य करू नका.

भागाकारालाही याच पट्ट्या. पाऊण किलो कुंदा 125 ग्रॅमच्या पुड्यांत भरायचा, किती पुड्या होतील? पट्टी म्हणजे एक किलो. पाऊण म्हणजे 9 सेंमी, 125 ग्रॅम म्हणजे आठवा भाग, दीड सेंमी. दीड-दीड सेंमीच्या खुणा केल्या की सहा होतात. त्यानंतरच 3/4 ÷ 1/8 = 6 लिहायचं. ‘भागाकार केला तर उत्तर मोठं कसं आलं?’ हा प्रश्न एखादं मूल नक्की विचारेल. तोच त्या दिवसाचा डाव्या पानाचा विषय करा.

प्रश्न : आमच्या मुलांना विज्ञानाचे शब्द मराठीत शिकवतो, पण कन्नड आणि इंग्रजी शब्दही लागतात. दहावीनंतर पीयूसीला (अकरावी-बारावीला) विज्ञान घेतलं की सगळं इंग्रजीत. या वहीत त्याची सोय कशी करावी?
– शिक्षिका, बेळगाव तालुका

उत्तर : शब्दसंग्रहाची मागची दहा पानं त्यासाठीच ठेवली आहेत. पानाला चार रकाने : मराठी, कन्नड, इंग्रजी, आणि चौथ्यात छोटं चित्र किंवा उदाहरण. दर धड्याला पाच शब्द, जास्त नकोत. एका पानावर दहा शब्द धरले तर दहा पानांत शंभर शब्द होतात, एका विषयाला ते पुष्कळ झाले.

कन्नड शब्द कन्नड लिपीतच लिहून घ्या. मुलं तो सोयीनं बाळबोधात लिहितात आणि तिथे घोटाळा होतो. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे आहेत, आपल्या लिपीत दोन्हींना एकच मात्रा. ‘बेळे’ ऱ्हस्व उच्चारला तर पीक, दीर्घ उच्चारला तर डाळ. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसणार.

याहून मोठी अडचण म्हणजे सारखे दिसणारे शब्द. इंग्रजी शब्दाला मूल अनोळखी म्हणून सावध असतं, पण कन्नड शब्द ओळखीचा वाटला की अर्थ गृहीत धरतं. कन्नडमध्ये ‘मळे’ म्हणजे पाऊस, आपल्याकडे भाजीचे मळे. त्यांचं ‘मर’ म्हणजे झाड. हे रोजच्या बोलण्यातून सुटतं. विज्ञानात मात्र मार्क जातात. मराठीत धातू म्हणजे लोखंड, तांबं. कन्नड विज्ञानाच्या पुस्तकात ‘धातु’ म्हणजे मूलद्रव्य, आणि धातूला तिथे ‘लोह’ म्हणतात. आपली चाल (स्पीड) ती त्यांची ‘जव’, वेग मात्र दोन्हीकडे वेगच. पेशी ती ‘जीवकोश’, आम्लारी ते ‘प्रत्याम्ल’, प्रकाशसंश्लेषण ते ‘द्युतिसंश्लेषणे’. रोजच्या वापरातला ‘अवकाश’ही असाच, तिकडे त्याचा अर्थ संधी. अशा शब्दांसाठी एक पान वेगळं राखा आणि त्याला ‘फसवे शब्द’ असं नाव द्या. सीमाभागातल्या मुलाच्या कानावर दोन्ही भाषा लहानपणापासून पडतात. ही त्याची मोठी शिदोरी आहे, आणि शाळेत तिचा नीट उपयोग करून घेतला तर तो बाहेरच्या कुठल्याही मुलापेक्षा भाषेच्या बाबतीत पुढे राहील, असं आम्हाला मनापासून वाटतं.

प्रश्न : शाळेत दोन शिक्षक, पाच वर्ग. अशा ठिकाणी हे शक्य आहे का?
– शिक्षक, खानापूर तालुका

उत्तर : शक्य आहे, पण पहिली ते तिसरीला सुरू करू नका. तिथे नली-कली आहे. 1995 मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यातून सुरू झालेली ती पद्धत कार्डांवर चालते आणि मूल आपल्या गतीनं पुढे जातं. त्यावर आणखी एक वही लादून काही मिळत नाही. चौथी आणि पाचवीला द्या.

एका वर्गाचं डावं पान चालू असताना दुसऱ्या वर्गाला शिकवा. डावं पान न विचारता करता आलं पाहिजे, म्हणून सूचना फळ्यावर एका ओळीत लिहा आणि कामाचे प्रकार वर्षभर तेच ठेवा. चार-पाच प्रकार पुरेत. रोज नवीन प्रकार दिला तर मुलं सारखी उठून विचारायला येतात आणि दुसऱ्या वर्गाचा तास मोडतो. पाचवीच्या मुलानं चौथीच्या मुलाचं डावं पान उजव्याशी ताडून द्यायचं, हेही छान चालतं. त्यात पाचवीच्या मुलाची उजळणी होते.

प्रश्न : 45 वह्या, तीन विषय. तपासायच्या कधी? शिवाय एफएला (आकारिक मूल्यमापनाला) गुण कसे द्यायचे?
– शिक्षिका, बेळगाव शहर

उत्तर : सगळ्या वह्या एका दिवशी मागवू नका. एका विषयाच्या रोज नऊ, म्हणजे पाच दिवसांत 45. पहिल्या आठवड्यात एक विषय, दुसऱ्यात दुसरा, तिसऱ्यात तिसरा. प्रत्येक वही तीन आठवड्यांतून एकदा हातात येते, तेवढं पुरे. उजवं पान वाचूच नका, ते तुमचंच आहे. डाव्या पानाला एक मिनिट.

पाच गुणांचा हिशोब असा ठेवा : न बघता केलेला प्रयत्न 2, हिरव्या शाईतली दुरुस्ती 2, स्वतःचं उदाहरण किंवा प्रश्न 1. अक्षर, रंग, सजावट यांना शून्य, आणि हे पान 7 वरच्या तक्त्यात आधीच लिहून ठेवा. पहिल्या प्रयत्नात चुका किती होत्या यावर गुण कापायचे नाहीत. एकदा कापले की पुढच्या आठवड्यापासून मुलं झाकलेलं पान हळूच उचलून बघायला लागतात आणि सगळी मेहनत फुकट जाते.

आपल्याकडे वर्षात चार एफए आणि दोन एसए (संकलित मूल्यमापन). प्रत्येक एफएच्या आधी मुलानं आपली सर्वांत चांगली तीन डावी पानं निवडायची आणि अनुक्रमणिकेत त्यांच्यापुढे चांदणी काढायची. कृतीच्या गुणांना तीच पानं आधार म्हणून दाखवता येतात. सीआरपी (शाळासमूहाचे मार्गदर्शक) किंवा बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसमधून कुणी आलं आणि ‘प्रत्येक वही वेगळी कशी?’ असं विचारलं तर पान 6 आणि 7 उघडून दाखवा.

प्रश्न : मुलगा सातवीत आहे. त्याच्या वहीचं डावं पान खाडाखोडीनं भरलेलं असतं, बाई लाल शाईनं दुरुस्तही करत नाहीत. शेजारच्या मुलीची वही छापल्यासारखी दिसते. आम्ही दोघंही फार शिकलेले नाही, घरी काय बघावं?
– पालक, येळ्ळूर

उत्तर : ताई, खाडाखोडीला घाबरू नका. ते पान त्यानं न बघता लिहिलेलं आहे, म्हणून ते तसं दिसतं. एकच बघा : निळ्या शाईच्या बाजूला हिरवी शाई आहे का? असेल तर तो स्वतःच्या चुका स्वतः शोधतो आहे. आठवडाभर हिरवं काहीच दिसलं नाही, तर बाईंना जरूर भेटा. एक तर तो उघड्या पानावरून उतरवतो आहे, नाहीतर दुरुस्ती करतच नाही.

घरी मदत करायला तुम्हाला धडा यायची गरज नाही. रात्री जेवण झाल्यावर वही तुमच्या हातात घ्या आणि त्याला म्हणा, ‘आजचं काय ते मला सांग बघू.’ पाच मिनिटं. तो अडला की वही परत द्या, त्यानं बघावं, बंद करावी आणि पुन्हा सांगावं. तुम्ही मध्ये ‘म्हणजे काय?’ एवढं जरी विचारलंत तरी त्याला नीट समजावून सांगावं लागतं. मराठीतच सांगू दे. पान फाडून पुन्हा सुवाच्य लिहायला मात्र लावू नका. क्रमांक तुटतात आणि ज्या चुकीवरून तो शिकणार होता तीही जाते.

प्रश्न : जत्रा, ऊसतोड, आजारपण यांमुळे मुलं आठ-आठ दिवस येत नाहीत. वहीत पोकळी राहते. मैत्रिणीची वही देऊन पूर्ण करून घ्यावी का?
– शिक्षिका, अथणी तालुका

उत्तर : उजवं पान पूर्ण करून घ्या, डावं नको. मैत्रिणीची वही घरी दिली की दोन्ही पानं उतरवली जातात, आणि मैत्रीण त्या दिवशी वहीशिवाय राहते. त्याऐवजी वर्गात एक ‘मुख्य वही’ ठेवा. तुम्ही स्वतः लिहिलेली, त्याच क्रमांकांची, फक्त उजव्या पानांची, आणि खिडकीजवळच्या टेबलावर दोरीनं बांधलेली. गैरहजर मूल आल्यावर आधी अनुक्रमणिका जुळवतं, राहिलेल्या क्रमांकांची पानं कोरी सोडतं आणि त्या दिवशीच्या पानापासून वर्गाबरोबर चालू लागतं. मागची उजवी पानं बिसियूटनंतरच्या (शाळेतल्या दुपारच्या जेवणानंतरच्या) सुट्टीत रोज एक, याप्रमाणे लिहून काढायची. प्रत्येक उजवं पान लिहिल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचं डावं, झाकून. आठ दिवसांत चार-पाचच जोड्या बुडालेल्या असतात, पंधरवड्यात त्या भरून निघतात. महिन्याहून जास्त खंड असेल तर सगळं भरायच्या मागे लागू नका. पुढच्या धड्याला लागणारी दोन-तीन पानं तुम्ही निवडून द्या आणि बाकीच्या क्रमांकांवर पेन्सिलीनं तिरकी रेघ मारा, म्हणजे कोरी पानं बघून ते मूल दर वेळी खट्टू होणार नाही.